सागाची चौकट

मनुष्याची तसबीर काढावयाची झाली तर त्यास 'दोन पावले मागे व्हा' असे सांगता येते. बैलाची काढावयाची झाली तर पुढ्यात कडब्याची पेंढी टाकून त्याचे मुख इष्ट दिशेस वळविता येते. आणि देवालय जरी जागचे हलत नसले, तरी पूर्वजांनी त्याच्यासमोर एखादे पटांगण राखून ठेविले असल्यामुळे छायाचित्रकारासच मागे सरकण्याची मुभा मिळते. परंतु आलापल्लीच्या अरण्यातील साग हा असा असामी आहे, की तो स्वतः मागे सरत नाही, आपणांस मागे सरू देत नाही, आणि आपण हट्टाने मागे सरलोच, तर त्याच्या व आपल्या मध्ये ऐन, बिजा, धावडा, तेंदू आणि बांबूचे एक दाट बेट एवढी मंडळी, कोणी समन्स बजावलेले नसताही, तत्काळ हजर होतात.

आलापल्ली हे गाव अहेरी तालुक्यात आहे. पूर्वी ते चांदा, आणि पुढे चंद्रपूर म्हणविल्या गेलेल्या जिल्ह्यात मोडत असे; २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्या जिल्ह्याची वाटणी होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हापासून ते नव्या दप्तरात रुजू आहे. हद्दींच्या या फेरफारात सागाने मात्र जागा बदलली नाही. गावातून भामरागडच्या वाटेस लागले, की 'वनवैभव' या नावाने प्रसिद्धीस आलेला अरण्याचा एक तुकडा लागतो. सुमारे सहा हेक्टरांचा हा तुकडा १९५३ सालापासून कुऱ्हाडीपासून राखून ठेविला गेला, आणि २०१४ साली सरकारने त्यास 'जैविक वारसा स्थळ' असा किताब बहाल केला. तो मिळविणारे महाराष्ट्रातील हे पहिलेच स्थळ होय. एवढ्या विस्तीर्ण अरण्याचे वैभव अवघ्या सहा हेक्टरांत कसे मावले, असा प्रश्न एखाद्या चिकित्सक वाचकास पडेल, तर उरलेल्या वैभवाची चौकशी त्याने बल्लारपूरच्या लाकूड आगारात करावी. तेथे ते लांबी व गोलाईप्रमाणे थप्प्या लावून ठेवलेले आढळेल.

दाट रानातील सागाचा रिवाज असा, की खाली फांद्यांचा पसारा न मांडता आधी उंची गाठावी, आणि वर उजेडात पोहोचल्यावर मग निश्चिंतपणे संसार थाटावा. लाकडाच्या व्यापारास अत्यंत सोयीचा असलेला हाच रिवाज छायाचित्रकाराच्या मुळावर येतो. कारण पाहण्याजोगा जो पर्णसंभार, तो सगळा आभाळात, आणि चित्र काढणारा इसम पायथ्याशी पाचोळ्यात. साहजिकच तो कॅमेऱ्याचे तोंड वर करतो, आणि तसे करताच दोहों बाजूंची झाडे एकमेकांकडे झुकू लागतात व मधला साग हळूहळू उताणा पडत असल्याचा भास होतो. वस्तुतः यात कॅमेऱ्याचा काही अपराध नाही. मान वर करून पाहणाऱ्या डोळ्यावरही हेच प्रतिबिंब पडत असते. परंतु डोळ्यामागे बसलेला मेंदू हा एखाद्या कचेरीतील मुरलेल्या कारकुनासारखा असल्यामुळे आलेला कागद तो जसाच्या तसा वर पाठवीत नाही, तर 'झाड सरळ आहे, पाहणाऱ्याची मान वाकडी आहे' असा शेरा मारून मगच पाठवितो. कॅमेऱ्यास शेरा मारण्याचा अधिकार नाही.

जुन्या काळी, जेव्हा कॅमेरा म्हणजे तिकाटण्यावर ठेवलेली एक लाकडी पेटी असे, व छायाचित्रकार तिच्या मागे काळे कापड डोक्यावर घेऊन अंतर्धान पावत असे, तेव्हा या दोषावर एक साधा उपाय होता. पेटी सरळ ठेवून पुढची भिंग बसविलेली पाटीच तेवढी वर सरकवावयाची, म्हणजे झाडाचा शेंडा चित्रात येई आणि खोडही उभेच राही. पुढे हातात मावणारे कॅमेरे आले व ही सोय गेली. ती परत आणण्यासाठी निकॉन कंपनीने १९६२ साली सरकते भिंग काढले, परंतु ज्याची ऐपत अशी भिंगे घेण्याची असते तो मनुष्य सहसा आलापल्लीपर्यंत येत नाही. आता संगणकावर, किंबहुना मोबाइलवरसुद्धा, एक पट्टी बोटाने सरकविली की पडता साग उभा राहतो. तथापि यातही एक गोम आहे. यंत्राने काटेकोर सरळ केलेला साग सरळ दिसत नाही; तो वरच्या बाजूस रुंद झालेला आणि आता अंगावर येतो की काय असा दिसतो. याचे कारण, चित्र पाहणाऱ्याच्या डोक्यातही तोच कारकून बसलेला असून, आधीच सरळ झालेल्या झाडास तो आपल्या शिरस्त्याप्रमाणे पुन्हा एकदा सरळ करावयास जातो. म्हणून या धंद्यातील जाणती मंडळी थोडा कल मुद्दाम शिल्लक ठेवतात. सत्य दिसावे म्हणून थोडे असत्य राखून ठेवण्याची ही युक्ती वकिलांस फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

रचनेच्या नियमांची गोष्ट याहून बिकट. १७९७ साली जॉन थॉमस स्मिथ नावाच्या एका इंग्रज चित्रकाराने ग्रामीण देखाव्यांविषयी लिहिताना असे सांगून ठेविले, की चित्रातील भूमी व आकाश, उजेड व अंधार, यांची वाटणी समसमान न करता एकतृतीयांश आणि दोनतृतीयांश अशी करावी, म्हणजे ती नेत्रास सुख देते. या सद्गृहस्थाचे नाव आज कोणास ठाऊक नाही, परंतु त्याच्या नियमाची नऊ घरांची जाळी मात्र प्रत्येक मोबाइलच्या पडद्यावर उमटते, आणि मुख्य वस्तू या घरांच्या कोपऱ्यावर बसवावी असा उपदेश प्रत्येक नवशिक्यास करण्यात येतो. इंग्लंडातील कुरणात एक झाड, एक झोपडी, दोन मेंढ्या आणि पुष्कळसे आकाश असा माफक ऐवज असल्यामुळे तेथे ही वाटणी विनातंटा पार पडत असावी. आलापल्लीत ती जाळी समोर धरली, की नऊच्या नऊ घरांत साग असतो. मुख्य वस्तू कोणती, या प्रश्नावर तेथील प्रत्येक झाडाचा दावा सारखाच मजबूत आहे. आणि त्यातच दुपारचे ऊन पानांतून गळून खोडांवर पांढरे डाग पाडीत असले, म्हणजे कोणते खोड पुढे व कोणते मागे याचाही निवाडा लागत नाही. ढगाळ हवा किंवा पहाटेचे धुके असेल तर ही गर्दी थोडी मिटते, कारण धुके मागच्या झाडांस एकामागून एक बरखास्त करीत जाते. अरण्याच्या चित्रांत धुक्यास जो एवढा मान आहे, तो अरण्य दाखविल्याबद्दल नसून ते झाकल्याबद्दल आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

एकाच चित्रात झाड मावत नसेल, तर ते तुकड्यातुकड्यांनी काढून जोडावे, असा एक पंथ आहे. अमेरिकेतील मायकेल निकोल्स या छायाचित्रकाराने कॅलिफोर्नियातील 'प्रेसिडेंट' नावाच्या महाकाय सिक्वोया वृक्षाचे असे १२६ चित्रे जोडून एक चित्र सिद्ध केले, आणि ते 'नॅशनल जिऑग्राफिक' मासिकाच्या डिसेंबर २०१२ च्या अंकात घडी उलगडून पाहावे लागेल असे छापले गेले. २४७ फूट उंचीचे व सुमारे ३,२०० वर्षे वयाचे ते झाड पाहून जग थक्क झाले, हे खरे. परंतु ते चित्र ज्या ज्या मनुष्याच्या हाती मी दिले, त्याने प्रथम 'अबब' म्हणून लगेच त्या झाडावर दोरखंडाने चढलेली मुंगीएवढी माणसे शोधावयास आरंभ केला, आणि ती सापडेपर्यंत पुन्हा झाडाकडे पाहिले नाही. आमच्याकडील हौशी मंडळी हाच प्रयोग सागावर करतात, तेव्हा अडचण अशी येते, की सागाचे पान ही काही लहानसहान वस्तू नव्हे. दोन चित्रांच्या मधल्या अवकाशात वाऱ्याची एक झुळूक येऊन ते पान भलतीकडेच गेलेले असते, आणि जोडकाम करणारे यंत्र गोंधळून तेच पान दोनदा लावते, किंवा एखादी फांदी कोणत्याच खोडाशी संबंध न ठेवता अधांतरी टांगून देते. त्रिशंकूची कथा ठाऊक असलेल्या आपल्या प्रेक्षकांस मात्र त्यात काही वावगे वाटत नाही.

वनवैभवात काम करणाऱ्या एका वयस्क वनमजुराने या सर्व शास्त्रावर एका वाक्यात तोडगा दिला होता. एक पाहुणे बराच वेळ कॅमेरा वर-खाली करीत आहेत हे पाहून तो म्हणाला, "खाली मानूस उभा करा ना जी. बिनमान्साचं झाड कितीबी मोठं राह्यलं, तरी फोटूत काडीच दिसते." हे अक्षरशः सत्य आहे. रिकाम्या चित्रात दोन माणसांच्या कवेत न मावणारा साग आणि गेल्या वर्षीचे रोप यांत फरक कळण्यास काही साधन नसते; त्यासाठी खोडाशी एक मनुष्य उभा करावा लागतो. परंतु मनुष्य उभा केला, की प्रेक्षक मनुष्यच पाहतो. दृष्टीच्या हालचालींची नोंद घेणारे सोव्हिएत शास्त्रज्ञ आल्फ्रेड यार्बुस यांचा ग्रंथ १९६७ साली इंग्रजीत आला; चित्रात माणूस असेल तर पाहणाऱ्याचे डोळे पुनःपुन्हा त्याच्या चेहऱ्याकडे, आणि विशेषेकरून डोळ्यांकडे, कसे परत येतात, हे त्यांनी रेघांनी काढून दाखविले आहे. सागास डोळे नाहीत. म्हणजे प्रमाणासाठी मनुष्य घ्यावा तर झाड हरपते, आणि झाडासाठी मनुष्य वगळावा तर प्रमाण हरपते. ही आपत्ती दुहेरी असून तिच्यावर अपील नाही.

रशियात हीच कथा रंगांच्या बाबतीत घडलेली आहे. इव्हान शिश्किन हा वृक्ष रंगविण्यात तेथे अद्वितीय मानला गेलेला चित्रकार. त्याचे १८८९ सालचे पाइनच्या अरण्यातील प्रातःकाळाचे चित्र घरोघरी माहीत आहे. या चित्रात कोन्स्तान्तिन साव्हित्स्की नावाच्या मित्राने अस्वले काढून दिली व त्याखाली आपलीही सही केली. परंतु चित्र विकत घेणाऱ्या त्रेत्याकोव यांनी ती सही पुसून टाकविली आणि संपूर्ण श्रेय वृक्षकारास दिले. न्याय झाला असे वाटते न वाटते, तोच लोकांनी आपला निकाल दिला. त्या चित्रास आज सर्वसामान्य रशियन मनुष्य 'तीन अस्वले' म्हणूनच ओळखतो (वास्तविक ती चार आहेत), ते चॉकलेटच्या वेष्टनावर छापले जाते, आणि त्या चॉकलेटासही नाव अस्वलाचेच आहे. पाइनच्या झाडांनी एवढा पहारा करूनही वेष्टनाबाहेर त्यांस कोणी विचारीत नाही.

आपल्याकडे वनस्पतीस चित्रात नायकपद देण्याचा धीटपणा प्रथम कोणी केला, तर तो दादासाहेब फाळके यांनी. 'राजा हरिश्चंद्र' निघण्याच्या आधी, १९१२ साली, त्यांनी कुंडीत वाटाणा पेरून त्याच्यासमोर कॅमेरा रोखला, आणि सुमारे महिनाभर थोड्या थोड्या अंतराने एकेक चित्र घेऊन 'अंकुराची वाढ' हा मिनिटभराचा चित्रपट सिद्ध केला. ज्यांना तो दाखविला, त्यांच्यापैकी यशवंतराव नाडकर्णी आदी गृहस्थांनी भांडवलाची तजवीज केली, आणि हिंदी चित्रपटसृष्टीचा पाया अशा रीतीने एका वाटाण्याच्या साक्षीने घातला गेला. ही गोष्ट अभिमानाची खरी, परंतु तीतही खोच आहेच. सावकारांनी पाहिले ते वाटाण्यास नव्हे. त्यांनी पाहिली ती हालचाल, आणि हालचालीमागून येणारी तिकिटाची खिडकी. दादासाहेबांनी वाटाण्याऐवजी साग पेरला असता, तर तोडीस येईपर्यंत साठ-सत्तर वर्षे थांबून 'राजा हरिश्चंद्र' साधारण आणीबाणीच्या सुमारास प्रदर्शित झाला असता.

आता रंगाकडे वळू. डिजिटल कॅमेऱ्याच्या पोटात प्रकाश टिपणाऱ्या असंख्य सूक्ष्म पेशी असतात, आणि कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांनी आखून दिलेल्या व १९७६ साली पेटंट मिळालेल्या मांडणीनुसार त्यांतील दर चारांपैकी दोन पेशी हिरव्या रंगास, एक तांबड्यास व एक निळ्यास वाहिलेली असते. कारण मनुष्याच्या नेत्रास बारीकसारीक तपशील हिरव्या छटेच्या प्रकाशात अधिक उमगतो. म्हणजे यंत्राची निम्मी पंचायत जन्मतःच हिरव्याच्या पक्षाची. असे हे हरितनिष्ठ यंत्र घेऊन शहरातील पाहुणा उन्हाळ्याच्या सुटीत आलापल्लीस उतरतो, आणि पाहतो तो काय, सागाने अंगावरचे सर्व पान गाळून टाकलेले असते, भूमीवर करड्या पाचोळ्याचा थर पडलेला असतो, आणि त्यावर पाऊल टाकताच असा आवाज होतो की जवळपासचे सर्व पक्षी तहकूब होतात. रान हिरवेगार असते ते पावसाळ्यात. परंतु तेव्हा ओढेनाले भरतात, पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क तुटतो, आणि पाहुणा आपल्या घरी भजी खात असतो. निष्पन्न हे, की जेव्हा हिरवे असते तेव्हा पाहुणा नसतो, आणि जेव्हा पाहुणा असतो तेव्हा हिरवे नसते. या विसंगतीवरील उपाय अर्थातच संपादन. पिवळ्याची पट्टी थोडी हिरव्याकडे सरकविली, की वैशाखात आषाढ अवतरतो. ती आणखी सरकविली, की पाचोळाही हिरवा होतो. आणि त्याहून सरकविली म्हणजे जो एक पोपटी रंग उत्पन्न होतो, तो सृष्टीत अन्यत्र केवळ सरबताच्या बाटल्यांतच आढळतो. हल्लीचे मोबाइल तर मालकाची इजाजतसुद्धा घेत नाहीत. समोर झाडासारखे काही दिसले, की ते आपल्या अधिकारात हिरवा रंग चढवून मोकळे होतात. एका मित्राने मोठ्या निष्ठेने सागाचे निष्पर्ण रान जसे होते तसे दाखविले, तर त्याच्या पुण्याच्या मावशीबाईंनी ताबडतोब विचारणा केली, "वणवा लागला होता का रे? कोणी होरपळलं नाही ना?"

परंतु मला ज्या गोष्टीचे खरे नवल वाटते ती निराळीच आहे. वन्यजीवांच्या चित्रस्पर्धांत सचोटीविषयी फार कडक तपासणी चालते. लंडनच्या सुप्रसिद्ध वार्षिक स्पर्धेत २००९ साली फाटकावरून झेप घेणाऱ्या लांडग्याचे चित्र सर्वोत्कृष्ट ठरले, आणि थोड्याच महिन्यांत तो लांडगा माणसाळलेला असावा असा परीक्षकांचा निष्कर्ष निघून बक्षीस काढून घेण्यात आले; पुढे २०१८ साली त्याच स्पर्धेतील एक विजयी मुंगीखाऊ हा पेंढा भरलेला असल्याचे तज्ज्ञांचे मत पडून तोही बाद झाला. परंतु एखादे झाड पाळीव निघाले म्हणून त्याचे चित्र बाद झाल्याचे मी अद्याप ऐकलेले नाही. आणि सागाइतके पाळीव झाड तर दुसरे नाही. १८४० च्या दशकात मलबारातील निलंबूर येथे त्याची पद्धतशीर लागवड सुरू झाली, आणि आमच्या राज्यात १९७४ साली वनविकास महामंडळ स्थापन झाल्यापासून त्याची रोपवने ठिकठिकाणी उभी आहेत. दोन मीटर बाय दोन मीटर अशा अंतरावर दोरी लावून ही रोपे रोवलेली असतात. सर्व एका वयाची, एका उंचीची, सरळ ओळीत उभी, आणि त्यांच्या मधून पाहिले असता रांगा दूरवर जाऊन एका बिंदूत मिळतात. स्मिथसाहेबांपासून आजतागायत ज्या ज्या गोष्टी रचनेच्या नावाखाली मागितल्या गेल्या, त्या सर्व तेथील वनपालाने फीत व चुन्याची फक्की घेऊन आधीच करून ठेवलेल्या असतात. अशा रोपवनाचे चित्र काढण्यास अक्कल लागत नाही, मागे सरण्यासही जागा असते, आणि ते चित्र पाहून रसिकांच्या मुखातून जो उद्गार निघतो तो म्हणजे, "काय निबिड अरण्य आहे!"

याउलट वनवैभवातील खरे अरण्य चित्रात पाहिले, तर तेच रसिक नाक मुरडतात. एक साग जाड, दुसरा बारीक, तिसऱ्यास वेलाने गुंडाळलेले, चौथा मरून वाळलेला तरी उभाच, मध्येच मोहाचे झाड, खाली झुडपांची दाटी, आणि पाहणाऱ्याची दृष्टी कोठून शिरावी व कोठून बाहेर पडावी यासाठी काहीच तजवीज केलेली नाही. "जरा गिचमिड वाटते," असा अभिप्राय पडतो. मग संपादक कामास लागतो. तो वाळलेले झाड पुसतो, कारण ते अशुभ दिसते. वेल पुसतो, कारण तो वाकडा जातो. वीजवाहिनी, सूचनाफलक व रस्त्याकडेच्या खोडांवरचे गेरू-चुन्याचे पट्टे पुसतो, हे तर समजण्याजोगे आहे. आणि पुसलेल्या जागी यंत्र आपल्या कल्पनेने नवे खोड भरून देते. जेथे कुऱ्हाडीस मज्जाव आहे तेथे अशा रीतीने बोटाच्या टोकाने दिवसाढवळ्या तोड चालते, आणि जे झाड उगविण्यास वनखात्यास तीन पिढ्या खपावे लागते ते यंत्र दोन-अडीच सेकंदांत उगवून दाखविते. या झाडावर मोजणीचा क्रमांक नसतो, हातोड्याची खूण नसते, वाहतूक परवान्यावाचून ते देशोदेशी जाते, आणि तरीही कोणत्याही नाक्यावर अडविले जात नाही. संपादन पुरे होते तेव्हा त्या चित्रात सारख्या अंतरावर उभे असलेले पाच-सहा सरळ साग तेवढे शिल्लक राहतात. म्हणजे रानटी सागाचे रोपवन करण्यासच संपादन म्हणतात, एवढाच याचा इत्यर्थ; आणि ज्यास ते मूळचेच हवे, त्याने महामंडळाच्या हद्दीत जाऊन उभे राहावे, त्याचे श्रम वाचतील.

प्रेक्षकांचा मात्र यात सर्वस्वी दोष आहे असे मी म्हणणार नाही. ज्याची जी वहिवाट, त्याप्रमाणे तो पाहतो. विवाह ठरलेली जोडपी वनवैभवात येऊन चित्रे काढवितात, तेव्हा मोबाइल त्यांचे मुखडे स्पष्ट ठेवून मागील शतायुषी साग एका हिरवट धुरात विरघळवून टाकतो, आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नसते. सुतार चित्र पाहून दाराच्या फळ्या पाहतो. पक्षिनिरीक्षक खोडास केवळ सुतारपक्ष्याच्या पार्श्वभूमीचा दर्जा देतो. आणि एकंदर हिशेब केला तर असे दिसेल, की या मुलखातील साग उभा असताना त्याच्या जितक्या तसबिरी निघाल्या असतील, त्याहून कैक अधिक तो आडवा झाल्यावर निघाल्या. २०२३ साली अयोध्येच्या मंदिरासाठी बल्लारपूरहून सागाचे ओंडके पूजा होऊन मिरवणुकीने रवाना झाले, तेव्हा त्यांच्या वाट्यास आलेली छायाचित्रे, फुले आणि मंत्री यांपैकी एकही गोष्ट त्यांस रानात असताना लाभली नव्हती. आडवा साग चौकटीत नीट बसतो, हे त्याचे शास्त्रीय कारण आहे.

मध्यंतरी चंद्रपुरात एका हौशी स्नेह्याने आपल्या वृक्षचित्रांचे प्रदर्शन मांडिले होते. मध्यभागी वनवैभवातील एका थोर सागाची भली मोठी तसबीर टांगलेली होती, आणि तीपुढे येणारा प्रत्येक जण 'कोणता कॅमेरा?' एवढे विचारून, उत्तराची वाट न पाहता पुढच्या चित्राकडे जात होता. अपवाद एकाच वृद्ध गृहस्थाचा. लाकूड आगारात सारी नोकरी घालवून निवृत्त झालेले हे गृहस्थ त्या चित्रापुढे इतका वेळ उभे राहिले, की आमचा स्नेही प्रथम संकोचला, मग सुखावला, आणि अखेरीस एक खरा रसिक भेटला अशा समजुतीने त्यांच्याजवळ जाऊन नम्रपणे उभा राहिला.

"याचा बुंधा कुठं आहे जी?" त्यांनी विचारले.

स्नेह्याने खुलासा केला, की खाली शाळेच्या सहलीतील मुलांचे पाय व एक फलक आला होता, रचनेचा विरस होत होता, सबब तो भाग कातरला.

"अस्सं. गोलाई छातीच्या उंचीवर घेत असतात. जमिनीपासून साडेचार फूट. तुम्ही जमीनच कापली, आता छाती कुठून मोजावं मानसानं?" मग काठीचे टोक तसबिरीच्या वरच्या डाव्या अंगास नेऊन ते म्हणाले, "अन् हे पाहा, इथं फांदी मोडली आहे. मोडल्याला लई वर्षं झाली. पाणी आत गेलं असन. वरचं दहा-बारा फूट पोकळ समजा."

ती मोडलेली फांदी आमच्या स्नेह्याने चित्र काढताना, संपादन करताना, छापताना व टांगताना पाहिलेली नव्हती; पाहिली असती तर पुसून टाकली असती. त्याने खिशातून मोबाइल काढून मूळचे, न कातरलेले चित्र उघडले. वृद्धांनी चष्मा कपाळावर चढविला, दोन बोटांनी ते पसरून मुलांच्या पायांशी नेले, त्यांतल्या एका मुलाची उंची अंदाजाने ठरविली, ती बुंध्यावर बसविली, आणि प्रदर्शनाच्या निमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर पेन्सिलीने लांबी, गोलाई आणि पोकळीची वजावट मांडून घनमीटरांचा आकडा काढला. शेजारी प्रतही लिहिली. ती पहिली नव्हती.

"आणि प्रकाश?" आमच्या स्नेह्याने काहीशा काकुळतीने विचारले, त्या प्रकाशासाठी तो पहाटेपासून ताटकळत उभा राहिला होता.

वृद्धांनी तसबिरीकडे पुन्हा एकवार पाहिले, पत्रिका घडी करून खिशात घातली आणि म्हणाले, "उजेड चांगला आहे जी. पण उजेडाची मोजणी नव्हती आमच्याकडं."